'विभाग' कॉलम किती वेळा बनवणार? शेअरपॉइंट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बहुतेक कचेऱ्यांत शेअरपॉइंटची, म्हणजे कचेरीच्या फाइली एकत्र ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेची, सुरुवात एका साइटने होते. मग खरेदीवाले आपली वेगळी साइट काढतात, पाठोपाठ लेखा, मग एचआर. प्रत्येक जण आपापल्या लायब्ररीत, म्हणजे साइटवरच्या फाइलींच्या कपाटात, 'विभाग' नावाचा कॉलम टाकतो. एकीकडे त्यात 'लेखा', दुसरीकडे 'अकाउंट्स', तिसरीकडे कुणीतरी हाताने टाइप केलेलं 'ए/सी'. मार्चमध्ये ऑडिटर विचारतो, यंदा मुदत संपणारे सगळे करार एका यादीत मिळतील का? तेव्हा लक्षात येतं की नाव एक असलं, तरी हे तीन कॉलम शेअरपॉइंटच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

लायब्ररीत थेट बनवलेला कॉलम त्या लायब्ररीपुरताच राहतो. साइट कॉलम, म्हणजे साइटच्या पातळीवर बनवलेला कॉलम, त्या साइटवरच्या कुठल्याही लायब्ररीत घेता येतो. अनेक साइटवर तोच हवा असेल, तर तो कंटेंट टाइपमध्ये घालावा लागतो.

कंटेंट टाइप म्हणजे कागदाची जात. 'करार' असेल तर पक्षकार, मुदत संपण्याची तारीख आणि विभाग विचारला जाईल. 'बिल' असेल तर बिल क्रमांक आणि रक्कम. दोन्ही एकाच लायब्ररीत सुखाने नांदतात. ही जात शेअरपॉइंटच्या अ‍ॅडमिन सेंटरमधल्या (सगळ्या साइट सांभाळण्याच्या पानावरच्या) कंटेंट टाइप गॅलरीत एकदा बनवून पब्लिश केली की बाकीच्या साइटना ती वापरता येते. तिथे कुणी परस्पर फेरफार करू शकत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. मात्र नंतर गॅलरीत बदल केलात, तर पुन्हा पब्लिश करा. हे हमखास विसरलं जातं. बदल सगळीकडे पोहोचायला वेळही लागतो, त्यामुळे पाच मिनिटांत आम्हाला फोन नको!

'विभाग'मधले पर्याय टर्म स्टोअरमध्ये, म्हणजे सगळ्या साइटना सामाईक असलेल्या शब्दांच्या यादीत, ठेवा. ठरावीक पर्यायांतून निवडायच्या साध्या चॉइस कॉलममध्ये 'लेखा' बदलून 'वित्त व लेखा' केलं, तर जुन्या फाइलींवर जुनंच नाव राहतं. टर्म स्टोअरमधल्या प्रत्येक शब्दाला स्वतःची ओळखसंख्या असते, म्हणून नाव बदललं की जुन्या फाइलींवरही काही वेळाने नवं नाव येतं. 'अकाउंट्स' हा समानार्थी शब्द म्हणून नोंदवला, तर तो टाइप करणाऱ्यालाही 'लेखा' हाच पर्याय सुचवला जातो.

आता खास मराठीत काम करणाऱ्यांसाठी. कॉलमला पहिल्यांदा जे नाव द्याल त्यावरून शेअरपॉइंट एक अंतर्गत नाव बनवतो आणि ते पुढे कधीच बदलत नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे काना आणि वेलांटीसुद्धा, तिथे सात अक्षरांच्या सांकेतिक रूपात जाते आणि मर्यादा ३२ अक्षरांची आहे. म्हणजे 'विभाग' हा एवढासा शब्द ३५ वर जातो आणि शेपटाकडून कापला जातो. 'करार तारीख' आणि 'करार मुदत' तर आत जवळजवळ सारखेच दिसतात. पुढे फ्लो (आपोआप चालणारी कामं) किंवा रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या डोक्याला तो ताप. उपाय सोपा आहे: कॉलम बनवताना रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता छोटं नाव द्या, सेव्ह करा, आणि मगच दिसणारं नाव मराठीत करा.

सक्तीचे रकाने तीन-चारच ठेवा. एका ग्राहकाने हौसेने अकरा ठेवले होते. महिन्याभरात निम्म्या फाइलींवर यादीतला पहिलाच पर्याय दिसू लागला, कारण लोकांना फाइल चढवून जेवायला जायचं होतं. जिथे जमेल तिथे फोल्डरनुसार आपोआप भरला जाणारा पर्याय लावून द्या.

एखादा कंटेंट टाइप नको झाला म्हणून अनपब्लिश केलात, तरी तो साइटवरून नाहीसा होत नाही. तिथे तो स्थानिक होऊन राहतो आणि मग ज्याला अधिकार आहे तो त्यात हवं ते बदलतो. असं काही करण्याआधी आम्हाला विचारा.

पहिल्या भेटीला आम्ही येऊ तेव्हा आठवड्यात सर्वांत जास्त शोधाव्या लागणाऱ्या दहा फाइलींची यादी काढून ठेवा, आणि त्या शोधताना तुम्ही काय टाइप करता तेही लिहा. कॉलम कोणते हवेत ते आपण त्यावरूनच ठरवू.