पाटी निघत का नाही? भरतीमागचं गणित

टेल्को रोडवरून पुण्याजवळच्या भोसरी या कारखान्यांच्या भागात शिरलं की विजेच्या खांबांना तारेने बांधलेल्या पाट्या दिसतात : ‘सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत. फ्रेशर चालतील.’ म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रं चालवायला माणसं हवीत. काही पाट्या उन्हाने विटल्या, तरी उतरलेल्या नाहीत. ‘हल्ली पोरं टिकतच नाहीत हो,’ असं कारखानदार सांगतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माणसं किती लागतील, कधी लागतील आणि त्यातली किती राहतील, याचा हिशेब करता येतो. तो केला की पाटीचं कारण भलतीकडेच सापडतं.

या हिशेबाचं मूळ आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९०६ मध्ये मांडलेल्या ‘साखळी’त आहे. १९१३ मध्ये त्याने एका पद्य-कादंबरीतली २०,००० अक्षरं घेऊन स्वरामागे स्वर किती वेळा येतो आणि व्यंजनामागे किती वेळा, हे मोजलं. पुढचं अक्षर स्वर असण्याची शक्यता आत्ताच्या अक्षरावरून ठरवायची, इतकीच कल्पना. अक्षरांच्या जागी माणसं घेतली की मनुष्यबळाचं गणित तयार होतं.

समजा, एका कारखान्यात ४० शिकाऊ, १०० ऑपरेटर आणि २० सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारे अनुभवी कामगार, आहेत. वर्षभरात शिकाऊंपैकी ५० टक्के ऑपरेटर होतात, २० टक्के शिकाऊच राहतात, ३० टक्के सोडून जातात. ऑपरेटरांपैकी ८० टक्के जागेवर राहतात, ५ टक्के सेटर होतात, १५ टक्के जातात. मग पुढच्या वर्षी ऑपरेटर किती? जुने ८० आणि नवे २०, म्हणजे पुन्हा १००. सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

आता जवळच्या चाकण औद्योगिक भागातल्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर वाढली आणि १२० ऑपरेटर लागले. वाढ फक्त २० टक्क्यांची. पण जुने ८०च उरणार, म्हणजे ४० जण शिकाऊंमधून वर यायला हवेत, आणि त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला शिकाऊ हवेत ८०. वरच्या २० टक्क्यांसाठी खाली दुप्पट! बरं, एकदा १२० झाले की ते टिकवायला दरवर्षी २४ नवे ऑपरेटर, म्हणजे ४८ शिकाऊ पुरतात. एका वर्षी झुंबड आणि पुढच्या वर्षी गेट बंद, असं होतं ते यामुळे. आयटीआय करून गावाकडून आलेल्या पोराला मात्र गेट बंद असल्याचं तेवढं कळतं.

हाच हिशेब उलट्या बाजूने केला तर? शिकाऊंची गळती ३० वरून १० टक्क्यांवर आणली आणि वाचलेले सगळे ऑपरेटर झाले, तर ८० ऐवजी ५८ शिकाऊ भागतात. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. नव्या २२ जणांना शोधण्यापेक्षा आलेल्यांना धरून ठेवणं किती मोलाचं, हे तो स्पष्ट सांगतो.

१५ टक्के गळती म्हणजे नेमके १५ जण जातील असं मात्र नाही. प्रत्येक जण आपापला निर्णय घेत असेल, तर १०० ऑपरेटरांमधून साधारण ८ ते २२ जण जाऊ शकतात. प्रत्यक्षात एक जण चाकणला लागला की खोलीवरच्या दोघा-तिघांना घेऊन जातो, आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की राजीनामे वाढतात. शिवाय सहा महिन्यांचा आणि सहा वर्षांचा कामगार सारख्याच शक्यतेने नोकरी सोडत नाही. म्हणून चांगल्या प्रारूपात पहिल्या सहा महिन्यांचा कप्पा वेगळा ठेवतात.

शिकण्याचंही गणित आहे. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्ये विमानबांधणीबद्दल दाखवलं, की एकूण नग दुप्पट झाले की नगामागची सरासरी मेहनत सुमारे २० टक्क्यांनी उतरते. पहिल्या नगाला १०० मिनिटं लागली, तर दोन नगांची सरासरी ८०, चारांची ६४, आठांची ५१. सुरुवातीची घसरण सर्वांत मोठी. मशीनपाशी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. नवा मुलगा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, काढतो, मोजायला मायक्रोमीटर लावतो, व्यास २० मायक्रॉन जास्त भरतो आणि तो सेटरला हाक मारतो. सेटर ऑफसेट देतो, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची जागा तेवढी सरकवायला मशीनला आकडा देतो. काही आठवड्यांनी मुलगा स्वतःच ऑफसेट देऊ लागतो. नेमका तेव्हा तो निघून गेला, तर सेटरने त्याच्यावर घातलेला सगळा वेळ त्याच्याबरोबर जातो.

आणि सेटर आहेत २०च. शिकाऊ ४० होते तेव्हा एकेकाच्या वाट्याला दोन मुलं होती, ८० झाल्यावर चार. ऑर्डर वाढलेली असताना मशीन लावायची, की चौघांना मायक्रोमीटर धरायला शिकवायचं? बहुतेक ठिकाणी मशीन आधी लागतं. मुलं नुसती जॉब उचलत-ठेवत राहतात, कंटाळून जातात, गळती पुन्हा ३० टक्क्यांवर येते, आणि खांबावरची पाटी तशीच राहते.