लग्नानंतरचे प्रेम (मराठी मालिका)

मराठी दैनंदिन मालिकांमधला रुळलेला कथाप्रकार. यात नायक-नायिकेचे लग्न आधी लागते, तेही मनाविरुद्ध, सोयीपुरते किंवा चक्क करार करून. प्रेम मागाहून उगवते. ‘पसंती’ कळवून संसाराला लागलेल्या पिढ्यांना हा क्रम ओळखीचा वाटतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीतून सुरू झाले. दूरदर्शनच्या आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या, बहुधा तेरा भागांच्या मालिकांत प्रेम लांबवायला जागाच नव्हती. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. मालिका रोजच्या झाल्यावर रोज विसेक मिनिटे भरायची, म्हणजे प्रेमाची कबुली पुढे ढकलणे आलेच. लग्न आधी उरकले की हळद, मुंडावळ्या, उखाणे यांत एक आठवडा निघतो आणि एका खोलीत दोन परकी माणसे उरतात. लेखकाला याहून सोयीचे काय असणार!

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) मधल्या घना-राधाने हा साचा लोकप्रिय केला. ‘ठरलं तर मग’ (२०२२) मध्ये तो करारासकट परतला. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३) मधले श्री-जान्हवी मात्र आधी प्रेमात पडले. तिचे लाडिक ‘काहीही हं श्री’ पुढे महाराष्ट्रभर विनोदाचा विषय झाले.

प्रेमाची खूण ठरलेली असते. ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढते, पाय सटकतो, तो झेलतो. शीर्षकगीताची ओळ वाजते, कॅमेऱ्याबाहेरच्या पंख्याने बटा उडतात, मंगळसूत्र त्याच्या शर्टाच्या बटणात अडकते. ते सोडवायला अर्धा मिनिट लागतो. शेजारच्या काकूंनी दोन सेकंदांत सोडवले असते. स्पर्शाला अशी सबब लागते, नाहीतर तापात कपाळावर ठेवायच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या असतात. आजी, सून आणि नातू एकाच टीव्हीसमोर जेवत असतात, तिथे चुंबन कोण दाखवणार?

चित्रीकरण बहुधा गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, ठाण्याचा घोडबंदर रस्ता या पट्ट्यात चालते. खऱ्या मुंबईतले जोडपे दहा बाय बाराच्या खोलीतून निसटून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून बसते. मालिकेतल्या जोडप्याची नुसती बेडरूम त्या खोलीच्या चौपट असते, पण दाराला कडी लावायची पद्धत त्या घरात नाही. नेमक्या क्षणी कोणीतरी दुधाचा ग्लास घेऊन आत येते. एकांत दोघांनाही नाही.

या प्रकाराचा खरा दोष वेगळा आहे: नवऱ्याचा संशय, अबोला, मनगट धरून ओढणे, हे सगळे प्रेमाच्याच खात्यात जमा होते. ‘अग्गंबाई सासूबाई’ (२०१९) मध्ये सुनेने विधवा सासूचे लग्न लावून दिले, तर ‘आई कुठे काय करते’ची अरुंधती फसवणाऱ्या नवऱ्याला सोडून पुढे दुसरा जोडीदार निवडते. पन्नाशीकडे झुकलेल्या बायकांना प्रेम मिळाले, ते असे आडवाटेने.

कबुली झाली की उद्याच्या भागात काय, हा प्रश्न उरतोच. मग जुनी मैत्रीण परतते, अपघातात स्मृती जाते किंवा कथा काही वर्षांचा ‘लीप’ घेते, आणि नवरा-बायको पुन्हा एकमेकांना अनोळखी होतात.