प्लॅनेटेरियम

सूर्यमालेवर रचलेला, इलेक्ट्रॉनिक आणि वाद्यवृंदीय संगीताचा मेळ घालणारा अल्बम. गायक-गीतकार सूफ्यान स्टीव्हन्स, ‘द नॅशनल’ या रॉक बँडचे गिटारवादक व रचनाकार ब्राइस डेसनर, पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रचनाकार निको म्यूली आणि तालवादक जेम्स मॅकॅलिस्टर या चार अमेरिकन संगीतकारांची ही संयुक्त निर्मिती. फोर एडी या ब्रिटिश कंपनीने ती ९ जून २०१७ रोजी प्रकाशित केली. एकूण रचना १७. कालावधी सुमारे ७६ मिनिटे.

प्रकाशनाचे वर्ष निश्चित असले, तरी कृतीचा रचनाकाल तेवढ्यावरून ठरवता येत नाही. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संगीतगृहाने म्यूली यांच्याकडे नव्या रचनेची मागणी केली, त्यांनी स्टीव्हन्स व डेसनर यांना सोबत घेतले आणि २०१२ मध्ये आइंडहोवन, लंडनचे बार्बिकन सेंटर व सिडनीचे ऑपेरा हाउस येथे तिचे प्रयोग झाले. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्येही ती सादर झाली. त्या सुमारास केलेले ध्वनिमुद्रण काही वर्षे पडून राहिले. पुढे मुख्यतः स्टीव्हन्स व मॅकॅलिस्टर यांनी ते नव्याने हाती घेऊन त्यावर इलेक्ट्रॉनिक संस्कार केले. त्यामुळे हिला २०१७ चा अल्बम म्हणावे, की २०१२ च्या गीतमालेची उत्तरकालीन आवृत्ती, याबद्दल दोन मते संभवतात. गाभा रंगमंचासाठी रचला गेला असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पूर्वपरंपरा : ग्रहगती आणि स्वर यांचे नाते जोडण्याची कल्पना पायथागोरसच्या संप्रदायाकडे नेली जाते, मात्र त्याचे स्वतःचे लेखन उपलब्ध नसल्याने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील अखेरची कथा हा तुलनेने भक्कम आधार ठरतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात या कल्पनेला गणिती रूप दिले. ग्रह सूर्यापासून सर्वांत दूर व सर्वांत जवळ असताना सूर्यावरून दिसणाऱ्या त्याच्या कोनीय वेगांचे गुणोत्तर म्हणजे त्या ग्रहाचे स्वरांतर, असे त्याने मांडले. शनीसाठी ते ४:५ येते, म्हणजे षड्ज ते शुद्ध गंधार. पृथ्वीसाठी १५:१६, म्हणजे षड्ज ते कोमल ऋषभ. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याने त्याचा स्वर हलतच नाही म्हटले तरी चालेल. अमेरिकन रचनाकार लॉरी स्पीगल यांनी केप्लरच्या या मांडणीला संगणकाद्वारे ध्वनिरूप दिले. १९७७ च्या व्हॉयेजर या अमेरिकन अंतराळयानांवरील ध्वनितबकडीत ते समाविष्ट आहे. मूळच्या गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी याच तबकडीवर आहे.

वाद्यवृंदाच्या बाजूने पाहता इंग्रज रचनाकार गुस्ताव्ह होल्स्ट यांची ‘द प्लॅनेट्स’ (१९१४–१६, पहिले, खाजगी सादरीकरण २९ सप्टेंबर १९१८, लंडन) हीच प्रमुख पूर्वकृती. ऋग्वेदातील सूक्तांच्या अनुवादासाठी संस्कृत शिकलेल्या होल्स्ट यांना या कृतीची प्रेरणा खगोलशास्त्रातून नव्हे, तर फलज्योतिषातून मिळाली. लेखक क्लिफर्ड बॅक्स यांनी १९१३ च्या प्रवासात त्यांना या विषयाची गोडी लावली, असे सामान्यतः मानले जाते. मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या त्यांच्या क्रमावर बरीच चर्चा झाली आहे. एका मतानुसार हा क्रम राशिस्वामींचा आहे : मेषेपासून निघून मंगळ, शुक्र, बुध घ्यायचे, रवी-चंद्र व पुनरुक्ती वगळायच्या, मग धनूचा गुरू, मकरेचा शनी आणि आधुनिक पाश्चात्त्य पद्धतीने कुंभेचा युरेनस व मीनेचा नेपच्यून. (भारतीय पद्धतीत कुंभ शनीकडे व मीन गुरूकडे राहत असल्याने हा हिशेब जुळत नाही.) दुसऱ्या मतानुसार युद्धाच्या मंगळापाठोपाठ शांततेचा शुक्र ही निव्वळ नाट्यमय योजना होय. बुधाची रचना सर्वांत शेवटी, १९१६ मध्ये झाली, हे दुसऱ्या मताला काहीसे अनुकूल असले, तरी राशिस्वामींची जुळणी केवळ योगायोगाने झाली असेल असे वाटत नाही. फलज्योतिषात पृथ्वी हा ग्रह नसल्याने होल्स्ट यांच्याकडे ती नाही. जपानी संगीतकार इसाओ तोमिता यांनी १९७६ मध्ये ही कृती सिंथेसायझरवर (इलेक्ट्रॉनिक ध्वनिनिर्मितीच्या वाद्यावर) उतरवली, तेव्हा होल्स्ट यांच्या वारसांनी हरकत घेतली होती.

‘प्लॅनेटेरियम’मध्ये पृथ्वी आहे, आणि तिला सर्वांत मोठी जागा आहे : ‘अर्थ’ ही रचना सुमारे १५ मिनिटे चालते, तर ‘हॅलीज कॉमेट’ जेमतेम अर्धे मिनिट. चंद्र, कृष्णविवर आणि कायपर पट्टाही (नेपच्यूनपलीकडील लहान बर्फाळ पिंडांचा पट्टा) आहे. प्लूटोचे ग्रहपद २००६ मध्ये गेले असूनही त्याला स्वतंत्र रचना मिळाली. अल्बम नेपच्यूनने सुरू होऊन बुधावर संपतो, यावरून सूर्यमालेच्या बाहेरून आत येणारा प्रवास कल्पिण्याचा मोह होतो. पण गुरू दुसरा आणि शनी चौदावा येत असल्याने या क्रमात कक्षांचा नियम शोधू नये. गाणी आणि शब्दविरहित तुकडे यांचा आळीपाळीने साधलेला तोल हेच त्याचे कारण दिसते.

वाद्यमेळात सात ट्रॉम्बोन आणि तंतुवाद्य चौकडी यांसोबत पियानो, गिटार, सिंथेसायझर व विद्युत् तालयंत्रे आहेत. ट्रॉम्बोनचा खर्ज आणि सिंथेसायझरचा खर्ज काही ठिकाणी वेगळे ओळखू येत नाहीत. स्टीव्हन्स यांचा आवाज अनेक ठिकाणी व्होकोडर व ऑटोट्यून या आवाजाला यांत्रिक रूप देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनांमधून गाळून घेतलेला आहे. ‘सॅटर्न’मध्ये हे विशेष जाणवते. शेवटच्या ‘मर्क्युरी’त मात्र तो पियानोच्या साथीने बराचसा मोकळा ऐकू येतो. ‘सन’, ‘टाइड्स’, ‘ब्लॅक एनर्जी’ यांत शब्द नाहीत. गीतांमध्ये ग्रीक-रोमन पुराणकथा, बायबलमधील प्रतिमा आणि खाजगी दुःख यांची सरमिसळ आहे. खगोलशास्त्रीय माहिती त्यांत फारशी नाही.