हवाई कसरती

विमानाची स्थिती किंवा वेग यांत हेतुपुरस्सर आकस्मिक वा असाधारण बदल घडवून केलेल्या हालचालींना हवाई कसरती म्हणतात. लूप म्हणजे हवेतील उभी कोलांटी, रोल म्हणजे लांबीच्या अक्षाभोवतीची फेरी, गिरकी आणि उलटे उड्डाण हे त्यांचे मूळ घटक होत.

उगम : पहिली कोलांटी कोणाची, हा वाद जुना आहे. रशियन सैन्यातील प्योत्र नेस्तेरोव्ह यांनी ती कीव्ह येथे न्यूपोर विमानातून घेतली. तिची तारीख कोठे २७ ऑगस्ट, तर कोठे ९ सप्टेंबर १९१३ अशी आढळते. दिवस एकच आहे; रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती आजच्या दिनदर्शिकेच्या १३ दिवस मागे असे. हा फरक न सांभाळता फ्रेंच तारखा शेजारी मांडल्या, की क्रम उलटतो. फ्रान्सचे अदोल्फ पेगू यांनी १ सप्टेंबरला ब्लेरिओ विमान उलटे उडवले, म्हणजे नेस्तेरोव्ह यांच्या आठ दिवस आधी. त्यांची कोलांटी मात्र २१ सप्टेंबरची. ऑगस्टमध्ये हवाई छत्रीने उडी घेतल्यावर, सोडून दिलेले विमान आपोआप उलटसुलट होताना पेगू यांना दिसले व त्यावरून कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नेस्तेरोव्ह यांना सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल अटक झाली. बढती पुढे मिळाली. कोलांटीचा पहिला मान त्यांचाच. तथापि सराव करून लोकांपुढे सादर करण्याची कला पेगू यांच्यापासून सुरू झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

‘इमेलमान’ या नावाबाबतही सावधगिरी हवी. आज अर्धी कोलांटी घेऊन माथ्यावर अर्धा रोल करण्याला हे नाव आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक माक्स इमेलमान यांचे वळण बहुधा वेगळे असावे. त्यांच्या फोकर विमानाचे कमी ताकदीचे इंजिन पाहता ही शंका रास्त ठरते.

तंत्र : पाण्याने भरलेली बादली उभी गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही, कोलांटीच्या माथ्यावर वैमानिक आसनात टिकतो तो याच कारणाने. मात्र कोलांटीत शिरताना शरीरावर तिप्पट-चौपट भार येतो, रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. कसरतींसाठीच्या विमानांची रचना साधारणतः वजनाच्या सहापट धन (नेहमीच्या दिशेचा) व तिप्पट ऋण (उलट दिशेचा) भार सोसेल अशी करतात. उलट्या उड्डाणात साध्या कार्बुरेटरला इंधन मिळत नाही, म्हणून वेगळी इंधनव्यवस्था लागते. आकृत्या कागदावर मांडण्याची चिन्हलिपी स्पेनच्या होसे लुइस आरेस्ती यांची असून स्पर्धांत तीच रूढ आहे. पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे झाली.

भारत : हवाई दलाचे ‘थंडरबोल्ट्स’ पथक हंटर विमानांवर १९८२ मध्ये, तर ‘सूर्यकिरण’ १९९६ मध्ये उभे राहिले. ‘सारंग’ ध्रुव हेलिकॉप्टरांवर कसरती करते.

ठाणे व नवी मुंबई : दाट वस्तीवर अशी उड्डाणे धोक्याची असल्याने प्रात्यक्षिके समुद्रालगत होतात. ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या प्रेक्षकांना त्यासाठी लोकलने मरीन ड्राइव्ह गाठावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये तेथे सूर्यकिरण व सारंग या दोन्ही पथकांची प्रात्यक्षिके झाली. उलवे येथील विमानतळावर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ मालवाहू विमान उतरले आणि सुखोई-३० लढाऊ विमान धावपट्टीवरून कमी उंचीने गेले. त्याचा उल्लेख कसरत म्हणून होतो. वरील व्याख्येनुसार ते केवळ सलामी-उड्डाण ठरते.