'बिग', 'लार्ज' की 'ग्रेट'? समानार्थी शब्दांची मोजदाद

मोठी बहीण, मोठी चूक, मोठी संख्या, मोठा लेखक. मराठीत चारही ठिकाणी एकच विशेषण बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत मात्र बहीण आणि चूक 'बिग' असते, संख्या 'लार्ज' असते आणि लेखक 'ग्रेट' असतो. 'लार्ज सिस्टर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला थोरली बहीण कळत नाही, अंगानं मोठी असलेली बहीण कळते. कोशात हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि त्यात कोशाची चूक नाही. अर्थ कुठवर जुळतो एवढंच ती यादी सांगते. कोणता शब्द कुठे बसतो, हे शोधायला वेगळी पद्धत लागते.

तिन्ही शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले. 'ग्रेट' जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ जाड किंवा भरड. 'लार्ज' फ्रेंचमधून आला; त्यामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ विपुल, सढळ. 'बिग' साधारण १३०० च्या सुमारास लेखनात दिसू लागतो आणि त्याची व्युत्पत्ती अजून पक्की ठरलेली नाही.

पहिली परीक्षा अदलाबदलीची. वाक्य तसंच ठेवून फक्त शब्द बदलायचा. 'बिग हाउस' आणि 'लार्ज हाउस' दोन्ही चालतात. घराचा आकारच सांगायचा असतो. 'बिग मिस्टेक' रोजच्या बोलण्यातलं, पण 'लार्ज मिस्टेक' कानाला खटकतं. 'डील' हा शब्द घेतला तर फरक आणखी स्पष्ट होतो. 'इट्स अ बिग डील' म्हणजे ही महत्त्वाची बाब आहे. 'अ ग्रेट डील ऑफ टाइम' म्हणजे पुष्कळ वेळ. विशेषण बदलताच शेजारच्या 'डील'चाही अर्थ बदलला. असे जोड सुटे करून शिकण्यात अर्थ नाही, ते सबंधच लक्षात ठेवावे लागतात.

या परीक्षेची अडचण अशी की निकाल देणारा कान इंग्रजीत मुरलेला असावा लागतो. तसा कान नसेल तर पुरावा बाहेरून आणावा लागतो, आणि तो कॉर्पसमध्ये मिळतो. कॉर्पस म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा, शोधता येईल असा संगणकीय साठा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठानं १९६१ साली छापल्या गेलेल्या मजकुरातून सुमारे २,००० शब्दांचा एक असे ५०० नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा कॉर्पस बांधला. १९९० च्या दशकात तयार झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे दहा कोटी शब्द आहेत. त्यातले जवळपास दहा टक्के प्रत्यक्ष बोलण्याचं लिप्यंतर आहे. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असं ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं. कॉर्पसमुळे ते सोबती मोजता येऊ लागले.

मोजणी अशी करतात. शब्द शोधला की त्याची प्रत्येक ओळ पडद्यावर येते आणि शोधलेला शब्द मधल्या रकान्यात राहतो. ओळी उजवीकडच्या शब्दानुसार अकारविल्हे लावल्या की सोबती आपोआप गटागटानं दिसतात. 'लार्ज'च्या उजवीकडे नंबर, अमाउंट, क्वांटिटी, स्केल. 'ग्रेट'च्या उजवीकडे केअर, इम्पॉर्टन्स, इंटरेस्ट. प्रकारानुसार वेगळं पाहिलं तर 'बिग' बोलण्यात भरपूर आणि 'लार्ज' शास्त्रीय लेखनात जास्त आढळतो. म्हणून शोधनिबंधात 'बिग नंबर ऑफ' लिहिलं की ते घरगुती वाटतं.

पण नुसती वारंवारता फसवते. 'द' हा शब्द जवळपास सगळ्यांच्याच शेजारी असतो, म्हणून तो कुणाचा खास सोबती ठरत नाही. त्यासाठी अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांची तुलना करतात. समजा, दहा कोटी शब्दांच्या साठ्यात एक शब्द २०,००० वेळा आणि दुसरा १०,००० वेळा आला. दोघांचा काहीच संबंध नसेल, तर ते निव्वळ योगायोगानं शेजारी येण्याची अपेक्षा २०,००० गुणिले १०,००० भागिले दहा कोटी, म्हणजे फक्त दोनदा. प्रत्यक्षात ते ६४ वेळा शेजारी आले, तर जोडी अपेक्षेच्या ३२ पट घट्ट झाली. ३२ म्हणजे दोनचा पाचवा घात, म्हणून गुण ५. या मापाला 'म्युच्युअल इन्फर्मेशन' म्हणतात.

याच सूत्रात एक खड्डा आहे. दुसरा शब्द साठ्यात फक्त पाचदा आला असेल, तर अपेक्षा ०.००१ इतकी खाली जाते. मग एखादा छपाईतला दोष किंवा अनोळखी आडनाव एकदाच शेजारी आलं तरी जोडी हजारपट घट्ट दिसते आणि जवळजवळ १० गुण मिळवते. एका योगायोगाला ६४ पुराव्यांच्या दुप्पट गुण! म्हणून किमान पाचदा न आलेली जोडी बाद करायची आणि गुणांशेजारी मूळ आकडाही पाहायचा.

चुका आणखीही होतात. 'ग्रेट ब्रिटन' आणि 'बिग बेन' ही नावं वगळली नाहीत तर 'ब्रिटन' हा 'ग्रेट'चा जिवलग ठरतो. उत्तम या अर्थाचा 'ग्रेट' वेगळा काढला नाही तर आकाराबद्दलचे निष्कर्ष बिघडतात. फक्त लगतचा शब्द पाहिला तर 'द मिस्टेक वॉज बिग' हातून निसटतं. म्हणून दोन्ही बाजूंचे चार-पाच शब्द धरतात. सगळी उदाहरणं एकाच पुस्तकातली असतील तर ती त्या लेखकाची लकब असते. आणि एखादी जोडी सापडली नाही एवढ्यावरून ती चुकीची ठरवणं घाईचं आहे. साठा लहान असू शकतो.

सोबत्यांवरून अर्थ ओळखणाऱ्या संगणकीय पद्धती याच कल्पनेवर उभ्या आहेत. त्या प्रत्येक शब्दाला आकड्यांची लांब ओळ देतात. ज्यांचे सोबती सारखे, त्यांच्या ओळी जवळच्या. गंमत म्हणजे यात 'बिग'च्या जवळ 'लार्ज' येतो तसाच 'स्मॉल'ही येतो. घर मोठं असतं तसं लहानही असतं, त्यामुळे दोघांचा शेजार सारखाच. समानार्थी आणि विरुद्धार्थी वेगळे करायला मग वाक्यांचे साचे शोधावे लागतात. 'फ्रॉम अमुक टु तमुक' किंवा 'आयदर अमुक ऑर तमुक' अशा साच्यात समानार्थी जोडी सहसा येत नाही, विरुद्धार्थी येते.

विरुद्धार्थ शोधायला गेलं की 'बिग' आणि 'लार्ज'मधला आणखी एक फरक हाती लागतो. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून उभारलेल्या 'वर्डनेट' या शब्दजाळ्याच्या कामात हे नोंदलं गेलं: 'लार्ज'ची जोडी 'स्मॉल'शी लागते, 'बिग'ची 'लिटल'शी. 'लार्ज' आणि 'लिटल' अर्थानं विरुद्ध असूनही इंग्रजी भाषकांना ती जोडी वाटत नाही.