मॉडकाराचे हक्क (संगणकीय खेळ)

संगणकीय खेळात स्वतः लिहिलेल्या कोडने, नकाशांनी किंवा चित्रांनी बदल घडवणाऱ्या व्यक्तीला त्या बदलांच्या पुढील वापरावर, म्हणजे नक्कल, फेरफार, फेरवाटप आणि विक्री यांवर, ठेवता येणारे नियंत्रण. अशा बदलाला ‘मॉड’ म्हणतात. तो करणाऱ्यासाठी या नोंदीत ‘मॉडकार’ हा शब्द वापरला आहे. विषयाला दोन पदर आहेत : मॉडकार विरुद्ध खेळाची मालक कंपनी आणि मॉडकार विरुद्ध दुसरा मॉडकार. न्यायनिर्णय बहुतांशी पहिल्या पदराचे आहेत. दुसरा पदर मॉडकाराला रोज जाणवतो, पण त्यावर न्यायालयांनी फार थोडे सांगितले आहे.

अडचणीचे मूळ ‘साधित कृती’ (मूळ कृतीवरून तयार केलेली नवी कृती) या कल्पनेत आहे. अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १०३ नुसार साधित कृतीच्या ज्या भागात मूळ कृती बेकायदा वापरली असेल, त्या भागाला संरक्षण मिळत नाही. त्यामुळे मॉडकाराचा हक्क कंपनीच्या परवानगीवर टेकलेला राहतो. १९९२ साली गॅलूब विरुद्ध निन्टेन्डो खटल्यात अपील न्यायालयाने ‘गेम जिनी’ या जोडउपकरणाने होणारे तात्पुरते बदल साधित कृती ठरत नाहीत असा निर्णय दिला. १९९८ मध्ये मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन खटल्यात त्याच न्यायालयाचा कल उलट गेला. ‘ड्यूक न्यूकम थ्रीडी’ या खेळासोबत नवे टप्पे रचण्याचे साधन मिळत असे. खेळाडूंनी रचून इंटरनेटवर ठेवलेले ३०० टप्पे मायक्रो स्टारने गोळा केले आणि ‘न्यूक इट’ नावाच्या सीडीवर विकले. त्या नकाशा-फाइलींत चित्र एकही नव्हते. कोणत्या जागी खेळाच्या संग्रहातले कोणते चित्र बसवायचे, एवढ्याच सूचना होत्या. तरीही पडद्यावरचे दृश्य त्यांत नेमके वर्णिलेले आहे आणि त्यातून मूळ कथेचा पुढचा भाग तयार होतो, म्हणून न्यायालयाने त्या साधित कृती ठरवल्या. टप्पे फुकट वाटण्याची मुभा कंपनीने दिली होती, विकण्याची नव्हती. या निकालाची चर्चा नेहमी कंपनीच्या बाजूने होते. पण ते ३०० टप्पे ज्यांनी रात्री जागून रचले, त्यांच्यापैकी कोणीही खटल्यात पक्षकार नव्हते. त्यांचे स्वतःचे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही, आणि मॉडकाराच्या हक्काच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

मॉडकारांच्या परस्परसंबंधांबाबत बरेच चर्चिले गेलेले उदाहरण ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ (डोटा) या ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळाच्या मॉड-नकाशाचे आहे. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. बहुतेक जण ‘स्टारक्राफ्ट’वरील ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’ या नकाशाला पूर्वज मानतात. ‘वॉरक्राफ्ट ३’साठीचा पहिला डोटा ‘युल’ या टोपणनावाच्या मॉडकाराने साधारण २००३ च्या सुमारास केला. पुढे इतरांनी त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या, त्यांतले नायक एकत्र करून ‘डोटा ऑलस्टार्स’ तयार झाला आणि तो ‘गिन्सू’ने व नंतर ‘आइसफ्रॉग’ने वाढवला. कोणता नायक कोणाचा, कोणते अस्त्र कोणी सुचवले, याचा हिशेब आज लागणे कठीण आहे. म्हणून डोटाला एका माणसाची कृती म्हणण्यापेक्षा अनेकांनी थरावर थर चढवलेली कृती म्हणणे अधिक योग्य वाटते.

त्या काळी नियंत्रणाचे खरे साधन कायदा नव्हते, फाइल होती. यजमानाने खेळ उघडला की नकाशा प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर आपोआप उतरत असे. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतही डोटा असाच एका यंत्रावरून दुसऱ्यावर पोचत गेला. म्हणजे पूर्ण कृती कोणाच्याही हाती जायची. ती उघडून कोणी फेरफार करू नये म्हणून मॉडकार नकाशा ‘बंद’ करत. खेळ चालायला war3map.j ही आज्ञावली पुरते, तर संपादकाला (नकाशे रचण्याच्या साधनाला) त्याशिवाय ट्रिगरच्या, म्हणजे काय घडले की काय करायचे या नियमांच्या, वेगळ्या फाइली लागतात. त्या काढून टाकल्या की नकाशा खेळता येतो, पण संपादकात उघडत नाही. ही कुलपे तोडणारी साधनेही आली. कुलूप तोडून, श्रेयनामावलीतली नावे बदलून नकाशा पुन्हा वाटणे हा मॉडकारांत चोरीचाच प्रकार मानला जाई, आणि ती भावना रास्त होती.

२००४ मध्ये युलने निरोप घेताना आपल्या नकाशाच्या आवृत्त्या इतरांनी खुशाल काढाव्यात अशा आशयाचे जाहीर निवेदन केले. त्याचा अर्थ काय, यावर तेरा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात वाद रंगला. ‘वॉरक्राफ्ट’ची मालक कंपनी ब्लिझार्ड व ‘डोटा २’ काढणारी कंपनी व्हॉल्व्ह यांनी लिलिथ आणि यूकूल या कंपन्यांच्या मोबाइल खेळांवर दावा लावला होता. युल व आइसफ्रॉग यांचे हक्क तोवर करारांनी व्हॉल्व्हकडे गेले होते. युलने हक्क सोडून दिले, असा प्रतिवाद झाला. २०१७ च्या आदेशात न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी हा मुद्दा तेथेच निकालात काढण्यास नकार दिला व तो ज्यूरीसाठी खुला ठेवला. काही भाष्यकार त्या निवेदनाला हक्कत्याग मानतात, काही परवाना. दुसरे मत अधिक पटते. ‘तुम्ही आवृत्त्या काढा’ असे म्हणण्यासाठी तशी परवानगी देण्याचा हक्क आधी हाती असावा लागतो. २०२० च्या धोरणात ब्लिझार्डने खेळाडूंनी केलेल्या नकाशांची मालकी सरळ स्वतःकडे घेतली.

मॉडकाराने कायद्याचा आधार घेऊन प्रकल्पाचे वाटप थांबवल्याचे ठळक उदाहरण ‘माइनक्राफ्ट’चे आहे. ‘क्राफ्टबुकिट’ हे सर्व्हरचे मॉड खुल्या परवान्याखाली अनेकांनी मिळून लिहिले होते, पण त्यात माइनक्राफ्टचा डीकंपाईल केलेला (तयार फाइलीवरून उलगडून काढलेला) बंदिस्त कोडही मिसळलेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये माइनक्राफ्टची कंपनी मोजांगने हा प्रकल्प आपण पूर्वीच विकत घेतला असून तो आपलाच असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात एका प्रमुख योगदात्याने अमेरिकी कायद्याखाली काढून टाकण्याची नोटीस दिली : माझा कोड खुल्या परवान्याचा आहे, ज्यात तो मिसळला त्याचा सोर्स कोड उघड नसेल, तर माझा भाग वाटण्याचा अधिकार कोणालाही नाही. डाउनलोड बंद झाले. त्यावर आधारलेल्या ‘स्पिगॉट’ने नवा मार्ग काढला. तयार फाइल न वाटता फक्त फरकांच्या फाइली द्यायच्या आणि सर्व्हर वापरकर्त्याच्याच संगणकावर जुळवून घ्यायचा. हजारो सर्व्हरचालकांची गैरसोय झाली हे खरे. तरीही प्रकल्प विकत घेतला म्हणून योगदात्याचा कोड आपोआप विकला जात नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. माइनक्राफ्टच्या वापरकरारात आज स्वतः मुळापासून लिहिलेला मॉड मॉडकाराचा असल्याचे नमूद आहे.

बहुतेक तंटे मात्र रूढीने सुटतात. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेच्या मॉडकारांत दोन दृष्टी मानल्या जातात : ‘पार्लर’ दृष्टीत मॉड ही कर्त्याची खासगी वस्तू, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ‘कॅथेड्रल’ दृष्टीत ते सर्वांनी मिळून बांधायचे मंदिर. एप्रिल २०१५ मध्ये याच मालिकेतल्या ‘स्कायरिम’चे मॉड स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकायला सुरुवात झाली, तेव्हा विकाऊ मॉडमध्ये दुसऱ्याचे फुकट दिलेले काम वापरल्याचे आक्षेप लगेच आले. योजना काही दिवसांतच मागे घेतली गेली. २०२१ मध्ये नेक्सस मॉड्स या मॉड-वाटपाच्या संकेतस्थळाने मॉड कायमचे पुसण्याऐवजी जतन करण्याचे ठरवले. नाराज मॉडकारांना आपल्या फाइली काढून घेण्यासाठी ठराविक मुदत दिली गेली.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती होय. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी व्हावे लागते आणि कलम २१ मध्ये हक्क सोडण्याची रीत ठरलेली आहे : निबंधकांना सूचना किंवा जाहीर सूचना. युलसारखे निवेदन येथे कोणत्या कलमात बसवायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिक नेमका होतो. कलम ५७ नावाचे श्रेय व कृतीची विकृती रोखणे हे विशेष हक्क देते. कलम ५२ (१) (कक) खाली येणाऱ्या आज्ञावलीच्या रूपांतराला मात्र तेथे अपवाद आहे. कॉपी मिळालेल्या कायदेशीर वापरकर्त्याने ती ज्या कामासाठी मिळाली त्यासाठी केलेले रूपांतर या अपवादात येते; दुसऱ्याचे नाव पुसून मॉड पुन्हा वाटणे त्यात येत नाही.