जुन्या वाड्यात पाइपचा गॅस: अर्ज, कागदपत्रं आणि बंबाचं धुराडं

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांत मोरीच्या कोपऱ्यात विटांचं धुराडं अजून उभं दिसतं. तांब्याचा बंब कधीच माळ्यावर गेला, धुराडं मात्र राहिलं. त्यामुळे पाइपचा गॅस घ्यायचं ठरलं की विचारणा होतेच: गॅस गीझर त्याच कोपऱ्यात लावून जळका वायू या धुराड्यातून सोडता येईल का? येतो, पण विटांच्या धुराड्यात थेट नाही, आणि मोरीचं बंद न्हाणीघर झालं असेल तर गीझर त्या कोपऱ्यात नको. ते पुढे सांगते, आधी अर्जाचं.

वडोदऱ्यात पाइपचा गॅस 1972 पासून आहे. 2013 मध्ये गेल समूह आणि महानगरपालिका यांची मिळून वडोदरा गॅस लिमिटेड ही कंपनी झाली. अर्ज तिच्याकडे करायचा. तुमच्या गल्लीतून लाइन गेलेली हवी आणि घर तुमच्या नावावर हवं. भाड्याने राहत असाल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं. सोबत आधार, फोटो, वेरा बिल (म्हणजे घरपट्टीचं बिल), लाइट बिल आणि मालकीचा कागद, म्हणजे इंडेक्स-2 किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. अनामत रक्कम परत मिळणारी असते, तिची पावती मालकीच्या कागदांबरोबरच ठेवा.

अर्ज अडतो तो नावावर. आमचं वेरा बिल आजोबांच्या नावाने येत होतं आणि त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. अर्ज परत आला. मग मृत्यूचा दाखला, पेढीनामा (म्हणजे वंशावळीचा कागद), काका आणि दोन्ही आत्यांच्या नोटरी केलेल्या संमती, यात चार महिने गेले. एक आत्या पुण्याला, तिच्या सहीसाठी दिवाळीपर्यंत थांबलो. म्हणून सांगते, गॅसचा विचार मनात आला त्याच दिवशी वेरा बिल काढून वरचं नाव वाचा. वारसाई राहिली असेल तर आधी ती करून घ्या.

दुसरी अडचण खास आपल्या गावची. आधारवर ‘मंगला’ असतं आणि लाइट बिलावर ‘मंगलाबेन’. कुणाच्या वसंतरावांचे ‘वसंतभाई’ झालेले असतात. आपल्याला ते एकच माणूस वाटतं, कागदाला नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच जोडा.

अर्ज लागला की माणूस जागा बघायला येतो. त्या वेळी घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहावं. मीटर कुठे, पाइप कोणत्या भिंतीवरून, हे तेव्हाच ठरतं. जुन्या भिंतीत लाकडी खांब आणि तुळया दडलेल्या असतात. त्या कुठे आहेत ते दाखवा, नाहीतर भोक नेमकं तिथे पडायचं. पाइप उघडाच राहू द्या, शोभेसाठी लाकडी पट्टीमागे लपवू नका. शेजाऱ्याच्या भिंतीवरून न्यायचा असेल तर त्याची संमती लेखी घ्या. गीझर लावायचा असेल तर त्याचा पॉइंट याच वेळी सांगा.

आता धुराडं. हा गॅस जळताना पाणी तयार होतं, एक घनमीटर गॅसमागे साधारण दीड लिटर, वाफेच्या रूपात. लाकडाचा कडक धूर रुंद धुराड्यातून सरसर वर जायचा. गीझरचा वायू त्या मानाने थोडा आणि कमी गरम. थंड विटांना लागला की वाफेचं पाणी होतं, जुनी काजळी भिजून खाली ओघळते आणि ओढ मंदावते. मग तो वायू घरातच फिरतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरात गीझरमुळे माणसं गेली आहेत, म्हणून हे जिवाच्या आकांताने लिहिते आहे: गीझर न्हाणीघरात लावू नका, बाहेर मोकळ्या हवेच्या जागी लावा. बाजारातल्या बऱ्याच गीझरना वायू बाहेर नेणारी नळीच नसते, त्यांना धुराडं काही उपयोगाचं नाही.

नळी असलेला गीझर पाइपच्या गॅससाठीच बनवलेला घ्या. सिलेंडरचा तसाच जोडू नका. धुराड्याच्या आतून वरपर्यंत स्टीलचा अखंड पाइप सोडा, गीझरच्या पुस्तिकेत लिहिलाय त्याच मापाचा, आणि टोकाला टोपी. त्याआधी धुराडं साफ करून घ्या. आमच्यात पारव्यांचं घरटं निघालं, काड्या, पिसं आणि दोन रिकामी टरफलं.

पाइप बसल्यावर गीझर चालू करून त्याच्या वरच्या झाकणाजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि पुन्हा बघा. आमच्याकडे पहिल्यांदा धूर सरळ तोंडावर आला. पंखा वरची हवा खाली खेचत होता. धूर असा उलटा आला तर गीझर लगेच बंद करा. आम्ही पंख्यासमोरच्या भिंतीत कायम उघडा झरोका पाडला, तेव्हा ओढ सरळ झाली.

सिलेंडर परत करायचा तो गॅस सुरू होऊन शेगडीचे जेट बदलून झाल्यावरच. सिलेंडर, रेग्युलेटर आणि कनेक्शनचं व्हाउचर एजन्सीत दिलं की अनामत परत मिळते.